पारोसे दगड

चेन्नई, ६ नोव्हेंबर २०२३

निवृत्तीमामा,

जय भीम. मामीला माझे दोन जय भीम सांगा, कारण माझी पत्रं तुम्ही तिला वाचून दाखवता आणि त्यातलं निम्मं गाळता.

फोन करण्यात अर्थ नाही हे मला आता पटलं आहे. मागच्या वेळी मी तब्येत विचारली आणि तुम्ही म्हणालात, "व्हय, भात झोडून झाला." खाणीतल्या सुरुंगांनी तुमचे कान नेले, तेव्हा आपलं कागदावरच बरं.

तुम्ही विचारलं होतं, मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नक्की करते काय. ऐका. भाजे लेण्यांच्या पायऱ्यांपाशी तुम्ही जे दगड विकता, त्यातला तो लहान, चौकोनी, पांढुरका दगड, ज्याला तुम्ही 'फासे' म्हणता, त्याचं शास्त्रातलं नाव चॅबझाइट आणि त्याच्या कुळाचं नाव झिओलाइट. बाहेरून भरीव दिसतो, पण आत नुसत्या खोल्या. सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत इतक्या बारीक. प्रत्येक खोलीला दारं. वायूचे कण त्या दारांतून आत जातात आणि भिंतींना चिकटून बसतात. कोंडाजीकाकांच्या गोबरगॅसमध्ये जळणारा वायू असतो तसा न जळणारा कार्बन डायऑक्साइडही असतो, म्हणून त्यांची शेगडी रडतरखडत जळते. हा दगड त्यातला न जळणारा वायू धरून ठेवतो आणि जळणारा बराचसा सोडून देतो.

मी कॉम्प्युटरमध्ये हा दगड अणू-अणू मांडून बांधला आहे. मग त्यात वायूचा एक कण कुठेतरी टाकायचा. जागा जमली तर ठेवायचा, नाही जमली तर काढून दुसरीकडे टाकायचा. असं कोट्यवधी वेळा. शेवटी आत किती टिकले ते मोजायचं. माझं उत्तर आलं आहे: एक ग्रॅम दगडात बहात्तर मिलिलिटर.

भांडण एकाच गोष्टीवर आहे. या खोल्यांमध्ये कॅल्शियमही राहतं. आमचे सर म्हणतात, कॅल्शियम दारातच उभं असणार आणि वायूला आत शिरू देणार नाही. माझं गणित म्हणतं, ते कोपऱ्यात उभं आहे, दार मोकळं आहे. सर म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये काहीही मावतं. खरा दगड आण आणि मोज." २८ मार्चला माझं पीएच.डी.चं काम तपासणारी समिती बसणार आहे. मोजमाप माझ्या गणिताशी जुळलं तर काम पुढे जाईल. नाही जुळलं तर तीन वर्षांचं काम गुंडाळून नवा विषय घ्यायचा. मला मुळीच भीती वाटत नाही. मी बरोबर आहे.

म्हणून दगड हवेत, आणि ते तुमचेच हवेत. बाकीचे लोक दगडांना काय काय फासतात कोण जाणे. सुट्टीत मी तुमच्या टपरीसमोर उभी राहून ओरडायचे, आठवतं? "बघून घ्या, तेल नाही, पाणी नाही, अस्सल मळवलीचा दगड!" आणि शेजारच्या बजरंगकाकांच्या चकचकीत दगडांकडे बघून नाक मुरडायचे. ते तेल लावतात हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुमच्याइतका खात्रीचा दगड मला कुठे मिळणार? दोन मुठी फासे पाठवा.

अजून तितक्याच जोरात ओरडू शकणारी,
शुभदा


मळवली, २१ नोव्हेंबर २०२३

शुभदा,

तुझं पत्र मामीला अख्खं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. फक्त मी गाळतो असं जे लिहिलं आहेस तेवढं गाळलं.

तुझं गणित बरोबर आहे. सरांना सांग, मळवलीचा सातवी शिकलेला माणूसही तेच म्हणतो. त्यांनी कधी हातात घण धरला आहे का? मी बारा वर्षं खाणीत काढली. कातळ कुठे भरीव आणि कुठे पोकळ हे मी घणाच्या आवाजावरून सांगायचो. आता कान गेले, तर मनगटाला येणाऱ्या झिणझिण्यांवरून सांगतो. कॅल्शियम दारात उभं राहत असतं तर मला कळलं असतं.

तुझं नशीब चांगलं. कोंडाजीच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. पस्तीस फुटांवर कातळात पोकळ्या लागल्या आणि आत फासेच फासे. मी दोन दिवस तिथे बसून निवडले. तसेच बांधून पाठवणार होतो, पण मामी आडवी आली. "भाचीकडं आसं पारोसं दगड धाडता व्हय? तितं चार शिकल्याली मान्सं बगतील. आपल्या मळवलीचं नाव हाय." मग आठवडाभर त्यांचं न्हाणं चाललं होतं. धुतले, दातांच्या ब्रशने घासले, आणखी काय काय केलं. आता असे झाले आहेत की तुझे सर त्यात तोंड बघून भांग पाडतील.

सोबतच्या पुड्यात लोणावळ्याची चिक्की आहे. ती मोजायची नाही, खायची.

निवृत्तीमामा


चेन्नई, ९ जानेवारी २०२४

मामा,

तुमचे दगड उघडले तेव्हा प्रयोगशाळेत सगळे गोळा झाले. इतके देखणे नमुने इथे कुणी पाहिले नव्हते. मी फुशारकी मारून घेतली, खोटं कशाला सांगू.

पण पुढे सगळं बिनसलं. आमच्याकडे वायू मोजायचं यंत्र पवन चालवतो. बारामतीचा आहे, त्यामुळे आमचं मराठीत भांडण होऊ शकतं. मोजण्याआधी दगड तीनशे अंशांवर दहा-बारा तास तापवावा लागतो, म्हणजे खोल्यांतलं पाणी निघून जातं आणि वायूला जागा होते. तापवताना पवन म्हणाला, "पंपातून खोबऱ्याच्या चटणीसारखा वास येतोय." मी म्हटलं, "तू आधी जेवून ये." दगड बाहेर काढला तर चहासारख्या रंगाचा झाला होता. आणि मोजमाप आलं सहा. बहात्तर नाही, सहा. पुन्हा मोजलं. पुन्हा सहा.

सर मला हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कॅल्शियम दारात उभं आहे, शुभदा." मी तेव्हापासून माझा प्रोग्रॅम तीनदा ओळ न् ओळ तपासला. चूक सापडत नाही, कारण चूक नाही.

सरांनी एक प्रश्न तुम्हाला विचारायला सांगितला आहे. दगडांना काही लावलं होतं का? तेल, मेण, काहीही? मी त्यांना सांगितलं की हा प्रश्न माझ्या मामाला विचारणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. ते म्हणाले, तरी विचार. इथे दुसऱ्या एका यंत्रावर ते तपासता येतं, पण त्याची रांग एप्रिलपर्यंत भरली आहे आणि माझी समिती मार्चमध्ये. म्हणून विचारते. हो किंवा नाही, एवढं कळवा. रागावू नका.

शुभदा


मळवली, १८ जानेवारी २०२४

शुभदा,

नाही.

आपल्या दगडाला काही लावत नाहीत हे तुला लहानपणापासून माहीत आहे. फक्त पाण्याने धुतले. यंत्र तपासून घ्या. पवनला वेळेवर जेवायला घाला.

इकडे थंडी बरी आहे. कोंडाजीच्या विहिरीला पाणी लागलं. मामी पत्र टाकायला निघाली आहे म्हणून इथेच थांबतो.

निवृत्तीमामा


चेन्नई, १ फेब्रुवारी २०२४

मामा,

तुमचं 'नाही' सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे बघा.

मग खोलीवर येऊन विचार करत बसले. गणित म्हणतं बहात्तर. दगड म्हणतो सहा. दगडाला काही लावलेलं असेल तरच माझं गणित वाचतं. आणि तुम्ही म्हणता, नाही लावलं. म्हणजे गणित आणि तुम्ही, या दोघांतलं कुणीतरी एक चुकतं आहे. मामा, मला निवडायला वेळ लागला नाही. हे गणित मी तीन वर्षांपूर्वी शिकले. तुम्हाला जन्मापासून ओळखते.

काल सरांना सांगितलं की माझं चुकलं, कॅल्शियम दारातच आहे. त्यांनी पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. १ मार्चपर्यंत मी नव्या विषयाचं टिपण द्यायचं आणि समितीपुढे जुनं काम थांबवल्याचं सांगायचं, असं ठरलं.

खूप रडले, लपवत नाही. पण आता रडून झालं आहे. मी दुसरं काहीतरी बरोबर करून दाखवीन, तेवढी माझी मला खात्री आहे. आणि आपल्या माणसाच्या शब्दावर काम थांबवलं, याचं मला दुःख नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दगड तुमचे चांगलेच होते.

शुभदा


मळवली, ११ फेब्रुवारी २०२४

शुभदा,

हे वाच, मग लगेच सरांकडे जा. बाकी सगळं नंतर.

दगडांना तेल लावलं होतं.

खोबरेल. कोमट करून त्यात दोन दिवस बुडवून ठेवले आणि मग फडक्याने पुसले. मामीवर ढकलत नाही, बुडवले मी. आज नाही, तीस वर्षं बुडवतो आहे. तू सुट्टीत टपरीवर यायचीस तेव्हा दगड पुसून मांडलेले असायचे. तू नऊ वर्षांची होतीस. विचारलंस, बजरंगकाकांचे दगड आपल्यापेक्षा जास्त का चमकतात? माझ्या तोंडून निघून गेलं, तो तेल लावतो, आपण नाही लावत. दुसऱ्या दिवसापासून तू ओरडायला लागलीस. तेव्हा माझे कान थोडे तरी शाबूत होते. तुझा आवाज पार वरच्या पायऱ्यांवर जायचा आणि माणसं खाली उतरताना आपल्याकडे थांबायची. तुला थांबवायचं तर तुला खरं सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत तू चेन्नईला गेलीस.

तुझा प्रश्न आला त्या दिवशी मामी म्हणाली, "खरं काय त्ये लिवा." मी म्हटलं, तेल बाहेर, वायू आत, एवढ्याशा तेलाने काय होतंय? तू खोल्या, दारं सगळं समजावून लिहिलं होतंस. तेलाने दारं बुजत असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही असं लिहिणार होतो, पण आता तेही लिहीत नाही. आलं होतं. मी ते डोक्यात टिकू दिलं नाही. तुझ्यापुढे मला लाज वाटली, एवढंच खरं कारण.

आज रविवार. विहारात पंचशील मी सांगतो आणि बाकीचे माझ्यामागून म्हणतात. तुझं पत्र खिशात होतं. पहिली तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. माझं तोंडच उघडेना. सगळे हात जोडून थांबलेले. गेणूला वाटलं माझ्या घशात काही अडकलं, तो धावत पाणी घेऊन आला. पाणी प्यायलो. तरी म्हणवेना. शेवटी गेणूनेच पुढचं चालवलं आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

तिथून तडक कोंडाजीच्या शेतात गेलो. विहिरीतून काढलेल्या ढिगातला एक अख्खा धोंडा फोडला आणि आतले फासे काढले. ते या पुडक्यात आहेत. धुतले नाहीत, पुसले नाहीत, फुंकरही घातली नाही. माती आहे, शेणही असेल. मामीने लांबूनच बघितलं आणि मग कानाशी येऊन म्हणाली, "पारोसं हायेत त्येच बरं." उद्या लोणावळ्याच्या पोस्टात मी स्वतः जाऊन देणार आहे.

तुझं गणित खोटं नाही. तुझा मामा खोटा निघाला. तू दोघांतून निवडलंस आणि चुकीचं निवडलंस, आणि ती चूक माझी आहे. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. दगड मात्र मोज.

निवृत्तीमामा


चेन्नई, ९ मार्च २०२४

मामा,

एकोणसत्तर.

हा आकडा आधी लिहिला, कारण तुम्ही बाकीचं पत्र तो शोधतच वाचलं असतं. बहात्तरच्या जागी एकोणसत्तर म्हणजे आमच्या कामात पेढे वाटावेत इतकं जवळ. तीनदा मोजलं. एकोणसत्तर, सत्तर, एकोणसत्तर.

आता पहिल्यापासून सांगते. तुमचं पत्र वाचून मला इतका राग आला की पुडकं दोन दिवस उघडलंच नाही. ते ओरडणं मला सारखं आठवत होतं. मी वर्षानुवर्षं शेकडो माणसांना तोंडावर खोटं सांगत होते आणि मला वाटत होतं की मी त्या पायऱ्यांवरची सगळ्यात खरी मुलगी आहे. थोडा राग अजून शिल्लक आहे. तो मे महिन्यात समोर बसून काढीन, मामीला चहा टाकायला सांगून ठेवा.

तिसऱ्या दिवशी पुडकं घेऊन सरांच्या खोलीत गेले. गाठ सोडली आणि कोंडाजीकाकांच्या शेतातली माती त्यांच्या कागदांवर सांडली. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं, काही न गाळता. पवन दाराशी उभा होता, तो ओरडला, "म्हणजे तेव्हा मी जेवलेलो होतो!" त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागितली.

कारण चूक माझीही आहे, मामा. खोबऱ्याचा वास नाकाशी होता, चहाचा रंग डोळ्यांसमोर होता. दुसरं कुणाचं सामान असतं तर मी पाच मिनिटांत ओळखलं असतं. तुमचं होतं म्हणून बघितलंच नाही. तेल तापून जळलं आणि त्याच्या काजळीने दारं बुजली, इतकी साधी गोष्ट. सरांनी नवा आलेख बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कॅल्शियम कोपऱ्यात आहे." मग म्हणाले, "टिपण फाडून टाक." मी ते लिहिलंच नव्हतं. रोज लिहायला बसत होते, पण हात चालत नव्हता.

एक काम राहिलं आहे. पहिलं मोजमाप मला लपवता येत नाही. सहा का आलं ते समितीला आणि पुढे छापील लेखातही सांगावं लागेल. तक्त्यात दोन ओळी असतील. पहिल्या नमुन्यापुढे 'विक्रेत्याने खोबरेल तेल लावलेला' असं लिहावं लागणार. तुमचं नाव घालायची काही गरज नाही, नुसता क्रमांक देता येतो. पण तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. हो किंवा नाही, कळवा.

शुभदा


मळवली, १७ मार्च २०२४

शुभदा,

हो.

आणि क्रमांक नको, नाव घाल. दोन्ही ओळींत घाल. पहिल्या ओळीत तेलासकट निवृत्ती आणि दुसऱ्या ओळीत मातीसकट निवृत्ती. एकाच माणसाचे दगड आहेत, लोकांना कळू दे. मामीची तक्रार आहे, "तेल म्या कोमट क्येलं, मंग माजं नाव कुटं हाय?" तिचं नाव शकुबाई असं लिहितात, सरांना सांग.

एकोणसत्तर वाचून मी काय केलं ते लिहीत नाही. कोंडाजीला विचार, तो तिथे होता आणि अजून गावभर सांगत फिरतो आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बजरंगकडे गेलो. बावीस पावलं अंतर आहे आमच्या टपऱ्यांमध्ये. त्याला सांगितलं, बजरंग, मी तुझ्या नावाने इतकी वर्षं खोटं बोललो. तेल मी लावतो. माझ्याशी बोलायचं म्हणजे कानाशी येऊन ओरडावं लागतं, त्यामुळे त्याचं उत्तर लेणी बघायला आलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

तो म्हणाला, "भाऊ, मला म्हाइती व्हतं. वारा सुटला की तुमच्या दगडांचा वास यायचा. माजा दगडच येगळा, मुळातच काचंवानी. त्याला तेल लागत न्हाई."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? ती पोरगी तुझ्या तोंडावर ओरडायची. तुझं गिऱ्हाईक तोडायची."

तो म्हणाला, "तिच्या म्होरं कसं बोलू? लेकराला आपला मामा लय मोठा वाटत व्हता. त्ये मोडून मी काय कमावलं आसतं?"

शुभदा, मी तिथे त्याच्या बाकड्यावर बसलो आणि रडलो. त्याने मला पाणी दिलं. येणारी-जाणारी माणसं बघत होती, बघू देत.

आता माझ्या टपरीत दोन पाट्या आहेत. एका बाजूला 'तेल लावलेले', दुसऱ्या बाजूला 'पारोसे'. पहिले दोन दिवस लोक नुसते हसून गेले. काल पुण्याच्या एका कॉलेजची पोरं आली आणि पारोसे सगळे घेऊन गेली. आज विहारात पंचशील मीच सांगितलं. गेणू पाणी घेऊन जवळच बसला होता, पण लागलं नाही.

२८ तारखेला समितीपुढे ताठ उभी राहा. तू बरोबर आहेस. हे मी आता तुझा मामा म्हणून सांगत नाही, आकडा बघून सांगतो.

आणि मे महिन्यात येशील तेव्हा माझ्यावरचा राग काढायच्या आधी एक काम कर. बजरंगच्या टपरीसमोर उभी राहा आणि पूर्वीसारखी पार वरच्या पायऱ्यांपर्यंत जाईल अशी एकदा ओरड. "बघून घ्या, तेल नाही, पाणी नाही, अस्सल मळवलीचा दगड!" मला ऐकू येणार नाही, पण मी समोर उभा असेन. ते वाक्य पहिल्या दिवसापासून त्याचंच होतं.

निवृत्तीमामा